ठेकेदाराचा माणूस पडला तर? बिल्डरांनो, या चुका टाळा

‘लेबर माझं नाही, मुकादमाचं आहे.’ वीस वर्षं साइटच्या फायली सांभाळतोय. अपघात झाला की पहिलं वाक्य हेच ऐकू येतं. काम तुमच्या धंद्याचं आणि जागा तुमच्या ताब्यातली असेल, तर ठेकेदाराच्या मजुराची भरपाई तुमच्याकडून घेता येते. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याचं कलम 12 हेच सांगत होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. भरलेले पैसे ठेकेदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे. पण ठेकेदार सापडला तर!

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसऱ्या मजल्यावर बाहेरून प्लास्टर चालू होतं. परांचीची फळी सरकली आणि तीस वर्षांचा गवंडी जागीच गेला. संध्याकाळपर्यंत मुकादमाचा फोन बंद. त्याच्या विम्याचा कागद फाइलमधून काढला, तर मुदत दीड महिन्यापूर्वीच संपलेली. बिल्डर घाबरला. गवंड्याच्या बायकोला दोन लाख रोख दिले आणि ‘काही तक्रार नाही’ असं लिहिलेल्या स्टॅम्पपेपरवर तिचा अंगठा घेतला. बोटाची शाई ती कितीतरी वेळ पदराला पुसत होती. मी म्हणत होतो, पैसे भरपाईचे दावे बघणाऱ्या सरकारी आयुक्तांकडे जमा करा. ‘आधी हे मिटवू दे,’ म्हणाला.

मिटलं नाही. मृत्यूची भरपाई तेव्हा आयुक्तांकडेच, आणि आता नव्या संहितेत सक्षम प्राधिकाऱ्याकडेच, जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली, तर हातात दिलेले पैसे धरले जात नाहीत. हक्क सोडल्याचा कागदही रद्दबातल. हिशोब असा झाला: हिशोबात धरायच्या महिन्याच्या पगाराची कमाल मर्यादा 15,000, त्याचे निम्मे 7,500, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला तीस वयाचा गुणक 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. वर 12 टक्के व्याज. विनाकारण उशीर केला तर निम्म्यापर्यंत दंडही लागू शकतो. त्या बाईला मात्र हे पैसे मिळायला दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ते मला अजून सलतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. बांधकाम कामगार कल्याणाचा एक टक्का सेस भरला म्हणजे मजुराचा विमा झाला, असं नाही. वर्षाला वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा मजुराचा स्वतःचा. त्याने तुमची जबाबदारी सुटत नाही. ‘दारू प्यायला होता’ ही सबब मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यावर चालत नाही. आणि तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत ठेकेदाराचे मजूर वेगळे घेतले आहेत का, ते वाचा.

नवे बिल्डर व्हॉट्सअॅपवर आलेला पॉलिसीचा फोटो पाहून काम सुरू करतात. मला हे अजिबात पटत नाही. मी पॉलिसी नंबर घेऊन विमा कंपनीच्या शाखेत स्वतः विचारतो. माणसांची संख्या आणि कामाचा प्रकार जुळवतो. सुतारकामाच्या पॉलिसीवर उंचीवरचं प्लास्टर करून घेत नाही. मुदतीची तारीख मस्टरच्या (हजेरीपटाच्या) पहिल्या पानावर लाल पेनाने लिहितो आणि पंधरा दिवस आधी मुकादमाला फोन करतो. नूतनीकरणाची पावती आली नाही, तर त्याचं बिल थांबतं आणि त्याची माणसं परांचीवर चढत नाहीत.