रोटाच्या पात्यांचे नट: मी कसे बदलते

सेलू तालुक्यात दुधनाकाठी आमचं रान आहे. सगळी काळी, चिकट जमीन. ट्रॅक्टर माझे दीर चालवतात, पण रोटाव्हेटरच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागं फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाच्या, नट-बोल्टाचं काम माझ्याकडं आहे. संध्याकाळी भाऊजी रानातून आले आणि म्हणाले, "वहिनी, रोटा आज थरथरतोय," की मी दुसऱ्या दिवशी सकाळी गोटी पाना घेऊन बसते. मिरगाच्या आधी तर सगळेच नट एकदा हाताखालून काढते.

आमचा रोटा ६ फुटी आहे. ४२ पाती, दर पात्याला दोन बोल्ट, म्हणजे ८४ नट झाले. बोल्ट १४ मिलिमीटरचे आहेत आणि त्यांना २२ चा पाना लागतो. तुमच्या रोटाचे १२ चेही असू शकतील, म्हणून दुकानात जाताना जुना बोल्ट काढून सोबत न्या. तोंडी माप सांगून आणलेला बोल्ट कधी आखूड निघतो, कधी त्याचे आटे बारीक निघतात.

आधी सुरक्षेचं. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून रोटा उचलते आणि त्याच्या दोन्ही टोकांखाली बाभळीचे जाड ठोकळे लावते. मग रोटा हळूच खाली घेऊन त्यांच्यावर टेकवते. नुसत्या लिफ्टच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही, कारण तेलाचा दाब उतरला की सगळं वजन अंगावर येतं. पीटीओचा जॉइंट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद रोटाला देणारा फिरता दांडा, काढून ठेवते. ट्रॅक्टरची चावी माझ्या कमरेला असते, काम संपेपर्यंत ती कुणालाच देत नाही. घरात लेकरं आहेत.

मग खुरप्यानं माती खरवडायची. वाळलेली काळी माती नटावर सिमेंटसारखी बसते, आणि तिच्यावरून पाना लावला की नटाचे कोपरे झिजतात. तारेच्या ब्रशनं आटे मोकळे करून त्यांच्यावर डिझेल सोडते आणि रात्रभर तसंच ठेवते. घाईत हे टाळलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ जातो.

कोणता नट सैल आहे ते डोळ्यांना दिसतंच असं नाही. मी प्रत्येक पात्यावर हातोडीनं हलकं ठोकते. आवळलेलं पातं खणखणतं, सैल असेल तर भद्द वाजतं. दुसरी खूण म्हणजे नटाच्या कडेला तांबडी पूड. तिथं लोखंडावर लोखंड घासतंय, नट जागेवर हलतोय. असा नट नुसता आवळून सोडू नका, बोल्टासकट बदला.

काढताना रोटर, म्हणजे पाती बसवलेला दांडा, फिरू नये म्हणून पात्यांमध्ये लाकडाची पाचर मारते. बोल्टचं डोकं एका पान्यानं धरायचं आणि नट दुसऱ्यानं फिरवायचा. पाना आपल्याकडं ओढायचा. ढकलताना तो सटकला तर हात थेट पात्याच्या धारेवर जातो. कोपरे झिजलेला नट छिन्नीनं फोडते नाहीतर ग्राइंडरनं कापते. टोकाच्या बेअरिंगजवळ गॅस लावून तापवू नका, आतलं ऑइल सील जळतं.

एका वेळी एकच पातं सोडायचं. पाती रोटरवर पिळासारखी बसवलेली असतात, एकामागून एक जमिनीत उतरतात, त्यामुळं ट्रॅक्टरला एकदम झटका बसत नाही. सगळी काढून ढीग केला की डावं-उजवं गोंधळतं. नवं पातं जुन्याच्या जागी, तशाच वळणाचं, धार पुढं राहील असं लावा.

आता बोल्टाबद्दल, कारण इथं मी मार खाल्लाय. २०२१ च्या मे महिन्यात एका दुकानातून स्वस्त बोल्ट आणले. डोक्यावर कसलाच आकडा नव्हता. तिसऱ्या दिवशी तुरीच्या खुटांच्या रानात एका पात्याचा बोल्ट कापला गेला. पातं दुसऱ्या बोल्टावर लोंबकळत फिरलं, शेजारच्या पात्यावर आदळलं आणि रोटरवरचं भोक लांबट झालं. रोटर काढून वेल्डिंगला न्यावा लागला. पेरणीच्या तोंडावरचे दोन दिवस गेले. तेव्हापासून बोल्टाच्या डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा ठसठशीत कोरलेला असेल तरच घेते, आणि नट त्याच्या जोडीचा ८ नंबरचा. बोल्टाइतका नटही पक्का हवा, नाहीतर नटातले आटेच सोलून निघतात. नटाखालचं स्प्रिंग वायसर (वॉशर) दर वेळी नवं. जुनं चपटं झालेलं असतं, त्यात ताण उरत नाही.

बसवताना पात्याची आणि रोटरची टेकणारी बाजू फडक्यानं कोरडी पुसते. दोन्ही नट आधी हातानं फिरवून घेते. पहिल्या दोन फेऱ्यांतच हाताला अडकलं, तर आटे चुकताहेत. काढा, पुन्हा लावा. मग पान्यानं थोडा हा, थोडा तो, असे आलटून पालटून आवळते. शेवटचा जोर साधारण अर्ध्या मीटरच्या दांड्यावर २५ किलोचा भार टाकल्याइतका. हा अंदाज १४ च्या ८.८ बोल्टाचा आहे, १२ च्या बोल्टाला कमी लागतो. पान्याला लांब पाईप घालून लोंबकळू नका, बोल्ट आतून ताणला जातो आणि रानात तुटतो. आवळून झाल्यावर नटाबाहेर दोन-तीन आटे दिसायला हवेत.

काम इथं संपत नाही. नव्या पात्याचा रंग आणि मध्ये राहिलेली बारीक माती पहिल्या तासात दबते आणि नट आपोआप ढिला होतो. म्हणून भाऊजी एकरभर फिरवून आले की रोटा बांधावर ठोकळ्यांवर घेतो, जॉइंट काढतो आणि मी सगळे नट परत एकदा पान्यानं बघते. पाऊण तास लागतो. तोवर भाऊजी लिंबाखाली भाकरी खाऊन घेतात.