लोकांना बोलावण्याआधी: साइट गुगलवर दिसावी आणि सोशल मीडियावरून वाचक यावेत यासाठीची तयारी

रोज पोस्ट टाकणं, रील बनवणं, ग्रुपमध्ये लिंक फिरवणं ही कामं सगळ्यांना दिसतात, म्हणून बहुतेक ठिकाणी सुरुवात त्यांच्यापासूनच होते. पण गुगलला साइट वाचताच येत नसेल, किंवा व्हॉट्सॲपवर लिंक टाकल्यावर चित्राविना नुसता पत्ता उमटत असेल, तर त्या मेहनतीचं चीज होत नाही. म्हणून आधी सर्च, मग लिंकचं कार्ड (लिंकसोबत दिसणारं चित्र-शीर्षक), मग मोजणी, आणि आमंत्रण सर्वांत शेवटी. घाईत हा क्रम मोडू नका.

पहिल्याच दिवशी गुगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गुगलच्या साधनात, साइट जोडा, मग ती अर्धवट असली तरी चालेल. आकडे जोडल्यापासूनच साठायला लागतात, मागचे मिळत नाहीत. जोडताना ‘डोमेन’ हा प्रकार निवडा आणि डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी जिथे असतात तिथे) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे गुगलने दिलेली मजकुराची ओळ, टाकून मालकी सिद्ध करा. ‘यूआरएल प्रीफिक्स’ या दुसऱ्या प्रकारात फक्त दिलेल्याच पत्त्याचे आकडे येतात. मग साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय अशी दोन्हीकडून उघडत असेल, तर निम्मी माहिती नजरेआड राहते. कन्सोल १६ महिन्यांपलीकडची आकडेवारी ठेवत नाही, तेव्हा वर्षातून एकदा ती उतरवून घ्यायची नोंद कॅलेंडरमध्ये करून टाका. बिंग या सर्च इंजिनच्या अशाच साधनात, वेबमास्टर टूल्समध्ये, हीच साइट सर्च कन्सोलमधून थेट आयात करता येते. काम काही मिनिटांचं आहे, तेही उरकून घ्या.

आता सर्वांत जास्त घात करणारी जागा. साइट तयार होत असताना ती गुगलमध्ये येऊ नये म्हणून रोबोट्स फाइलमध्ये (कुणी काय वाचावं हे सांगणारी साइटवरची फाइल) सगळ्या बॉट्सना, म्हणजे पानं आपोआप वाचणाऱ्या प्रोग्रामना, मनाई केलेली असते किंवा पानांवर ‘नोइंडेक्स’ (हे पान निकालात दाखवू नका, ही सूचना) लावलेला असतो. साइट खुली करताना हे काढायचं राहून जातं. वर्डप्रेसमध्ये तर ही सेटिंग्जच्या ‘रीडिंग’ विभागातली एक चौकट आहे, ती रिकामी आहे ना ते पाहा. या दोन्ही गोष्टींचं काम वेगळं आहे, हेही पक्कं ध्यानात ठेवा. रोबोट्स फाइल गुगलला पान वाचण्यापासून अडवते, पण दुसरीकडून लिंक मिळाली तर ते पान वर्णनाविना निकालात दिसू शकतं. नोइंडेक्स पान निकालातून काढतो, पण तो वाचण्यासाठी गुगलला आत येता आलं पाहिजे. दोन्ही एकदम लावले की गुगलला नोइंडेक्स दिसतच नाही आणि नको असलेलं पान निकालात तसंच लटकत राहतं.

यानंतर कन्सोलच्या यूआरएल तपासणीत पाच पत्ते घालून बघा: मुखपृष्ठ, एक विभाग आणि आतली तीन जुनी पानं. ‘लाइव्ह टेस्ट’ करून गुगलला मिळालेलं एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) उघडा आणि पानावरचं एखादं वाक्य त्यात शोधा. सापडलं नाही, तर मजकूर जावास्क्रिप्टने (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने) उशिरा भरला जातोय किंवा बटण दाबल्याशिवाय येतच नाही. गुगल साइटची मोबाइल आवृत्तीच वाचतं. त्यामुळे मोबाइलवर गाळलेला मजकूर त्याच्या लेखी नसल्यातच जमा असतो.

साइटचे चार पत्ते, म्हणजे एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, एकेक टाइप करून पाहा. त्यांतला एक मुख्य धरा. बाकीचे तीन ३०१ रीडायरेक्टने (पत्ता कायमचा बदलला, असं सांगून पुढे पाठवणं) त्यावरच पोचले पाहिजेत, तेही एकाच उडीत. लांब यादी अनेक पानांत विभागली असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या पानाचं कॅनॉनिकल (मूळ पत्ता कोणता हे गुगलला सांगणारा टॅग) त्या-त्या पानाचंच ठेवा. सगळ्यांचं कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे वळवलं, तर मागच्या पानांवरच्या लिंक गुगलच्या हाती लागतीलच असं नाही. साइटमॅपच्या, म्हणजे सर्च इंजिनला द्यायच्या पत्त्यांच्या यादीच्या, एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते किंवा कॉम्प्रेस न केलेले ५० एमबी एवढंच बसतं. त्यातली बदलाची तारीख खरी द्या. रोज आपोआप आजची तारीख पडत असेल, तर गुगल त्या रकान्यावर विश्वास ठेवणं सोडतं. अग्रक्रमाचा रकाना ते पाहतच नाही.

शीर्षकांवर मात्र वेळ घाला. प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं हवं, आणि वाचक जे शब्द शोधात टाइप करतो ते पहिल्या पाच-सहा शब्दांत यावेत, कारण मोबाइलवर शेपूट कापलं जातं. ‘मदत हवी आहे’ या शीर्षकाच्या पानावर कितीही उत्तम माहिती असली, तरी ते कुणाला सापडणार नाही. ‘फोन पाण्यात पडल्यावर चार्जिंग होत नाही’ हे सापडेल. मेटा वर्णनाने, म्हणजे निकालात शीर्षकाखाली दिसू शकणाऱ्या ओळींनी, क्रमांक वर जात नाही, पण चांगलं लिहिलेलं असेल तर निकालावर क्लिक होण्याची शक्यता वाढते. कीवर्डचा मेटा टॅग आपण शोधात वापरत नसल्याचं गुगलने २००९मध्येच सांगितलंय, तो भरत बसू नका.

पत्त्यात देवनागरी ठेवायची की रोमन, हे सुरुवातीलाच ठरवा. गुगलला दोन्ही चालतात. अडचण पुढे येते: पत्ता कॉपी केला की अनेकदा प्रत्येक अक्षराची आणि प्रत्येक मात्रेची टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ-नऊ चिन्हं होतात. ‘तयारी’ या एका शब्दाची ४५. असा पत्ता काही ॲपमध्ये मधेच तुटतो आणि वाचक ‘पान सापडले नाही’वर जाऊन आदळतो. शीर्षक मराठी आणि पत्ता छोटा रोमन, हा आमच्या मते सर्वांत कमी त्रासाचा मार्ग.

वेगाचे उंबरठे ठरलेले आहेत: मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि मांडणी हलण्याचा अंक ०.१च्या आत राहावा. चित्रांना रुंदी-उंची दिली की तिसरा आकडा बराचसा आटोक्यात येतो.

आता लिंकचं कार्ड. प्रत्येक पानाला ओपन ग्राफचे (कार्डात काय दिसावं ते सांगणारे) चार टॅग हवेत: शीर्षक, वर्णन, चित्र आणि पत्ता. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं, ३०० केबीच्या आत, आणि त्याचा पत्ता एचटीटीपीएसपासून सुरू होणारा पूर्ण. चित्रावरची अक्षरं मधोमध आणि मोठी ठेवा, कारण काही ठिकाणी कडा कापून चौकोन केला जातो. हे टॅग सर्व्हरवरून येणाऱ्या एचटीएमएलमध्येच असले पाहिजेत. कार्ड बनवणारे बरेचसे बॉट जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. टॅग बरोबर असूनही कार्ड रिकामं येत असेल, तर फायरवॉल (साइटची सुरक्षा-चाळणी) फेसबुकच्या बॉटला हाकलत नाही ना ते तपासा. दुरुस्ती केल्यावर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पान पुन्हा वाचायला लावा, लिंक्डइनसाठी पोस्ट इन्स्पेक्टर आहे. व्हॉट्सॲपचं कार्ड मात्र पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतं, त्यामुळे एकदा गेलेल्या संदेशात ते नंतर सुधारत नाही. आधी स्वतःलाच पाठवून बघा.

नोंदणीसाठी गुगल लॉगिन दिलं असेल, तर ते इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्ये चालवून पाहा. अशा ब्राउझरमधून गुगल साइन-इन अडवतं. तिथून आलेल्या नव्या माणसाला ईमेलने नोंदणी करण्याची सोय नसेल, तर तो परत फिरतो आणि त्याचं कारण तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

मोजणीसाठी बाहेर टाकायच्या लिंकना यूटीएम, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी पत्त्याच्या शेवटची खूण, जोडा, विशेषतः व्हॉट्सॲपच्या. त्या ॲपमधून आलेला वाचक एरवी ॲनालिटिक्समध्ये (वाचक मोजणाऱ्या साधनात) ‘डायरेक्ट’ म्हणून मोजला जातो. यूटीएममधली नावं कायम लहान रोमन अक्षरांत लिहा. मोठ्या-लहान अक्षरांच्या फरकाने एकच स्रोत दोन ओळींत विभागला जातो. साइटच्या आतल्या लिंकना यूटीएम कधीही लावू नका, त्याने वाचक मुळात कुठून आला याची नोंद बिघडते.

आमंत्रणासाठी दहा पानं निवडून ठेवा. मुखपृष्ठाची लिंक देऊ नका, नेमक्या उत्तराच्या पानाची द्या. पोस्टमध्ये उत्तराचा गाभा लिहूनच टाका, तपशिलासाठी लोक लिंक उघडतात. इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, म्हणून ती बायोत किंवा स्टोरीच्या स्टिकरवर ठेवा. दुसऱ्यांच्या ग्रुपमध्ये लिंक टाकण्याआधी तिथले नियम वाचा, आणि पहिले काही दिवस लिंक न देता तिथल्या प्रश्नांना मनापासून उत्तरं द्या.

चार-सहा आठवड्यांनी कन्सोलमध्ये दोन याद्या काढा. जिथे पान खूपदा दिसतं पण क्लिक कमी होतात, तिथे शीर्षक आणि वर्णन पुन्हा लिहा. जी पानं गुगलने वाचली पण इंडेक्स केली नाहीत (शोधाच्या यादीत घेतली नाहीत), त्यांतली तुटपुंजी पानं एकत्र करा आणि जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे ३०१ लावा. उरलेल्यांना साइटमधल्या वाचल्या जाणाऱ्या पानांवरून लिंक द्या.