किनाऱ्यावरचे छोटे मत्स्यालय: तिकीट काढावे की गाडी पुढे न्यावी?

मराठवाड्यातून कोकणात सहलीला निघालेल्या कुटुंबाचे दिवस मोजके असतात. लातूरहून क्रुझर पहाटे निघाली, वाटेत तुळजापूरला दर्शन झाले आणि सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठली, की पहिला दिवस संपलेला असतो; शेवटचा दिवस परतीच्या प्रवासात जातो. मधल्या दोन-तीन दिवसांत गणपतीपुळे, एखादा किल्ला आणि लेकरांचे समुद्रात डुंबणे हे सगळे बसवायचे असते, आणि नेमकी अशा वेळी रस्त्याच्या कडेला मत्स्यालयाची निळी पाटी दिसते. मागच्या बाकावरून ओरडा सुरू होतो आणि दोन मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो. तो आधीच घेऊन ठेवलेला बरा.

काही वर्षांपूर्वी आम्ही असेच एका मत्स्यालयात, त्याचे नाव घेत नाही, आठ जणांची तिकिटे काढून शिरलो. चौथ्या टाकीपाशी माझा पुतण्या थांबला आणि म्हणाला, “काका, हे मासे तर आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बी हायत.” त्याचे खरे होते. गोल्डफिश, ऑस्कर, कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न, काचेला चिकटलेला सकरमासा: समुद्र शंभर पावलांवर असताना आम्ही पैसे मोजून गोड्या पाण्यातले परदेशी मासे पाहत होतो. पंधरा मिनिटांत सगळे बाहेर आलो.

म्हणून पहिला आणि माझ्या मते निर्णायक प्रश्न असा की, तिथे खाऱ्या पाण्याच्या टाक्या किती आहेत आणि त्यांतल्या चालू किती आहेत. गोड्या पाण्याची टाकी कोणालाही सांभाळता येते. खाऱ्या पाण्याचे तसे नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बाष्पीभवनाने पाणी कमी झाले तरी क्षार मागे राहतात, त्यामुळे खारटपणा रोज तपासून गोडे पाणी घालावे लागते. शिवाय माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तयार होणारा विषारी अमोनिया गाळणीतले जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलतात, आणि हे जिवाणू स्थिरावायला काही आठवडे लागतात. ज्या ठिकाणी अशा आठ-दहा टाक्या नीट चालू आहेत, तिथे मासे जाणणारी माणसे आहेत असे समजायला हरकत नाही.

हे घरबसल्या तपासता येते. नकाशाच्या ॲपवर त्या ठिकाणची छायाचित्रे ‘सर्वात नवीन’ या क्रमाने लावावीत; उद्घाटनाच्या वर्षातली झगमगीत छायाचित्रे उपयोगाची नाहीत. पाच ताऱ्यांच्या आणि एका ताऱ्याच्या अभिप्रायांपेक्षा तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचावेत, कारण त्यांत ‘अर्ध्या टाक्या रिकाम्या होत्या’, ‘वीस मिनिटांत पाहून झाले’ अशी कामाची वाक्ये सापडतात. त्यानंतर सरळ फोन करावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: खाऱ्या पाण्याच्या टाक्या, माशांना खाद्य देण्याची वेळ आणि साप्ताहिक सुट्टीचा वार. खाद्याच्या वेळी गेल्यास एरवी दगडाआड लपलेला मासाही बाहेर येतो, आणि तेच मत्स्यालय दुप्पट मोलाचे वाटते.

घरातल्या मोठ्यांच्या आठवणीवर मात्र विसंबू नये. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले, आणि मुंबई पाहून आलेल्या आपल्याकडच्या कित्येक आजोबांनी त्याचे वर्णन नातवंडांना केलेले आहे. पण कोविडच्या काळात त्याचे दार बंद झाले ते नंतरही बंदच राहिले. ‘मी स्वतः पाहिलेले आहे’ या वाक्यातले साल विचारून घ्यावे.

रत्नागिरीत मुक्काम असेल, तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आणि संग्रहालय यांचा विचार जरूर करावा. तिथे झगमगाट नाही, पण देवमाशाचा सांगाडा आहे. नाथसागरातला रोहू आणि कटला हेच ज्याच्या लेखी मोठे मासे, अशा पैठणकडच्या मुलाला त्या एका सांगाड्यापुढे उभे केले, तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन. असा नियमच धरावा: जे आपल्या गावी, बाजारात किंवा किनाऱ्यावर फुकट दिसणार नाही, असे निदान दोन-तीन जीव आत असतील तरच आत जावे.

मुलांना आधीच एक गोष्ट सांगून ठेवावी, म्हणजे हिरमोड होत नाही. जेवणाच्या ताटातली सुरमई किंवा बांगडा छोट्या टाकीत दिसणार नाही. हे मासे खुल्या पाण्यात सतत पोहत राहणारे आहेत आणि त्यांना लहान टाकी मानवत नाही. छोट्या मत्स्यालयात खडकांच्या आणि प्रवाळांच्या आधाराने राहणारे जीव पाहावेत: लायनफिश, क्लाऊनफिश, शेवंड, तारामासा, एखादे पाकट.

दारातून आत पाऊल टाकल्यावर आधी वास घ्यावा. खारट, ओलसर वास ठीक आहे. सडका वास आला तर पाण्याची हेळसांड झालेली आहे. मग बुडबुडे पाहावेत. भारनियमनाची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे चटकन कळते: वीज गेल्यावर जनरेटर सुरू होऊन हवेचे पंप लगेच चालू झाले, तर व्यवस्था चोख आहे. मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत असतील, पर अंगाशी चिकटवून कोपऱ्यात पडले असतील, किंवा अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके असतील, तर ते आजारी आहेत. अशा ठिकाणी मुलांना फार वेळ रेंगाळू देऊ नये. परंतु घाईने दोषही देऊ नये. नळकांड्यातून डोके बाहेर काढून सतत तोंड उघडझाप करणारी मोरे वाम धापा टाकत नसते. कल्ल्यांवरून पाणी खेळवण्याची तिची ती रीतच आहे. वाळूत निपचित पडलेले पाकटही बहुधा ठणठणीत असते. टाकीवरच्या पाटीवर माशाचे मराठी नाव, तो कोठे आढळतो आणि काय खातो हे लिहिलेले असेल, तर ठिकाण पाहण्याजोगे आहे. पाटी एका माशाची आणि टाकीत मासा दुसराच, असे दोनदा आढळले की समजून जावे.

आत न जायचे ठरले, तर मुलांना नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही. बदली काहीतरी द्यावे लागते. दापोलीजवळ हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव किंवा रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर येथे तासाभरात जितक्या जातींचे मासे दिसतात, तितके छोट्या मत्स्यालयात दिसत नाहीत, जरी ते जिवंत नसले तरी. मात्र 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा बंदरावर जाऊन उपयोग नाही.

दुसरा पर्याय ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर उघड्या पडणाऱ्या डबक्यांचा. त्यांत खेकडे, शंखातले शंखखेकडे, समुद्रफुले आणि बोटभर मासे मिळतात. यासाठी घरच्या भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते आणि तीत सुमारे सहा तास मिळवले की ओहोटीची. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणून ओहोटी बाराला. पण तेव्हा भांगाची भरती-ओहोटी असल्याने पाणी फारसे मागे हटत नाही. चतुर्दशी-पौर्णिमेला किंवा अमावास्येला मात्र संध्याकाळी पाचच्या आसपास पाणी खूप मागे हटते, आणि हीच वेळ साधावी. गावातल्या एखाद्या कोळ्याला विचारून वेळ पक्की करावी, पट्ट्याच्या चपला घालाव्यात, शेवाळलेल्या खडकावर मुलांचा हात सोडू नये, आणि पाणी परत फिरू लागताच निघावे. जिवंत शंख उचलू नयेत. त्यांतल्या काहींचा दंश विषारी असतो.

बाहेर पडताना बहुतेक मत्स्यालयांच्या दारातच शंख-शिंपल्यांचे दुकान असते. शिंपल्यांची माळ घ्यायला हरकत नाही. वाळवलेला समुद्रघोडा किंवा प्रवाळाचा तुकडा मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या दोहोंना संरक्षण आहे आणि ते विकणे हा गुन्हा आहे. ते दुकानात उघड टांगलेले दिसले, आणि तिकीट अजून काढलेले नसेल, तर गाडी पुढे न्यावी.