आयव्हीएफमध्ये ‘हे पण करून घ्या’ म्हटलं की त्यामागचा रिसर्च स्वतः कसा तपासायचा

एक-दोन सायकल फेल गेल्या की पुढच्या व्हिजिटला हमखास नवीन नावं कानावर पडायला लागतात. स्क्रॅचिंग (गर्भाशयाच्या अस्तराला मुद्दाम ओरखडा काढणं), ईआरए टेस्ट (गर्भ गर्भाशयात कधी सोडायचा ते ठरवणारी अस्तराची तपासणी), पीजीटी-ए (गर्भातले क्रोमोसोम तपासणं), पीआरपी (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन), इंट्रालिपिड (फॅटचं सलाइन), टाइम लॅप्स इन्क्युबेटर (गर्भाचे सतत फोटो काढणारी लॅबची पेटी). प्रत्येकाचे पैसे वेगळे, आणि समोर बसलेल्या नवरा-बायकोची मनःस्थिती अशी असते की कोणी काहीही सांगितलं तरी ‘करून टाकू, नंतर राहून गेलं असं नको वाटायला’ हेच डोक्यात येतं. साहजिक आहे ते. पण हो म्हणायच्या आधी एक संध्याकाळ काढली तर त्या गोष्टीमागे खरंच काही अभ्यास आहे का हे घरबसल्या बघता येतं, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही, आणि माझं मत असं की इतके पैसे आणि इतकी इंजेक्शनं अंगावर घेणाऱ्या प्रत्येकीने ते बघावंच. निर्णय अर्थातच तुमच्या रिपोर्ट्सवरून तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा, पण बोलायला जाताना हातात काहीतरी हवं ना.

सगळ्यात आधी नाव नीट लिहून घ्या. ‘अस्तर चांगलं होण्यासाठी एक प्रोसिजर’ किंवा ‘इम्युनिटीचं सलाइन’ एवढ्यावर काहीच शोधता येत नाही. केस पेपरवर प्रोसिजरचं किंवा औषधाचं पूर्ण नाव लिहून मागा, आणि ‘माझ्याच केसमध्ये हे का’ हे तिथल्या तिथे विचारा. विचारायला संकोच वाटतो हे मान्य, पण आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्यात स्पष्ट म्हटलंय की क्लिनिकने जोडप्याला त्यांच्याकडच्या यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, साइड इफेक्ट, धोके हे सगळं सांगायचं आहे. म्हणजे तुम्ही काही जास्तीचं मागत नाही आहात.

आता शोधायचं कुठे. गुगलवर नुसतं नाव टाकलं की पहिली दोन पानं क्लिनिकच्याच जाहिराती येतात, त्यामुळे सरळ पबमेड उघडा, मेडिकल रिसर्च पेपर शोधायची साइट आहे ती, फुकट आहे. त्यात ट्रीटमेंटचं इंग्रजी नाव टाका, पुढे लाइव्ह बर्थ (म्हणजे जिवंत बाळाचा जन्म) हे दोन शब्द इंग्रजीत टाका आणि डावीकडच्या फिल्टरमध्ये रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल (चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेली तुलना) निवडा. यादी एकदम छोटी होते, घाबरू नका, तेच हवंय. पबमेड जड वाटलं तर कॉक्रेन या सगळे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या साइटवर सोप्या इंग्रजीतले सारांश असतात. आणि ब्रिटनमध्ये फर्टिलिटी क्लिनिकवर देखरेख ठेवणारी एचएफईए नावाची सरकारी संस्था आहे, तिच्या साइटवर अशा एकेका ॲड-ऑनला (म्हणजे आयव्हीएफवर वरून जोडलेल्या गोष्टीला) रंग दिलेत, हिरवा म्हणजे पुरावा चांगला, काळा म्हणजे फायदा नाही, लाल म्हणजे धोका असू शकतो किंवा यश उलट कमी होऊ शकतं. वेळ अगदीच नसेल तर निदान तेवढं एक पान वाचा.

पेपर उघडला की आधी काय मोजलंय ते बघा, खरी मेख इथेच आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा (आकडे मी फक्त उदाहरणासाठी घेतेय) १०० जणींनी सायकल सुरू केली. काहींची सायकल मध्येच कॅन्सल झाली, काहींचे एम्ब्रियोच (लॅबमधले गर्भ) तयार झाले नाहीत, आणि ७० जणींचं ट्रान्सफर झालं, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात सोडला. ३५ जणींची बीटा एचसीजी ही प्रेग्नन्सीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, त्यातल्या २९ जणींना सोनोग्राफीत हार्टबीट दिसले, आणि शेवटी २४ जणी बाळ घेऊन घरी गेल्या. आता या एकाच क्लिनिकला ‘सक्सेस रेट ५० टक्के’ असंही म्हणता येतं, कारण ७० पैकी ३५, आणि ‘२४ टक्के’ असंही म्हणता येतं, कारण १०० पैकी २४. दोन्ही हिशेब बरोबरच आहेत, खोटं कोणीच बोलत नाहीये, पण तुम्हाला हवाय तो दुसरा आकडा. म्हणून पेपर असो की क्लिनिकचं ब्रोशर, दोनच प्रश्न विचारायचे, वर काय मोजलंय आणि खाली कितीने भागलंय. वर लाइव्ह बर्थ हवं, खाली सुरुवात केलेल्या सगळ्या बायका हव्यात. नुसता ‘इम्प्लांटेशन रेट वाढला’ (म्हणजे एम्ब्रियो रुजण्याचं प्रमाण वाढलं) असं लिहिलं असेल तर तिथे थांबा आणि बाळं किती झाली ते शोधा.

दुसरी गोष्ट, तुलना कोणाशी केलीये आणि बायका किती होत्या. स्क्रॅचिंगचंच बघा. २००३ मध्ये इस्राएलमधल्या एका टीमचा पेपर आला, आधी अपयश आलेल्या १३४ जणी, त्यातल्या ४५ जणींच्या गर्भाशयाच्या अस्तराची सायकलच्या आधी बायोप्सी केली आणि त्यातल्या २२ जणींना बाळ झालं, बाकीच्या ८९ मध्ये २० जणींना. म्हणजे ४८.९ टक्के विरुद्ध २२.५ टक्के, दुपटीपेक्षा जास्त! जगभर क्लिनिकमध्ये स्क्रॅचिंग सुरू झालं. मग न्यूझीलंड, ब्रिटन, बेल्जियम, स्वीडन, ऑस्ट्रेलिया अशा पाच देशांत मिळून १,३६४ बायकांची ट्रायल झाली, कोणाला करायचं आणि कोणाला नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून, आणि २०१९ मध्ये निकाल छापून आला. स्क्रॅच केलेल्या ६९० पैकी १८०, न केलेल्या ६७४ पैकी १७६. दोन्हीकडे २६.१ टक्के. दशांशापर्यंत सारखं. आणि ती प्रोसिजर दुखते, ज्यांनी करून घेतलीये त्यांना विचारा. छोट्या अभ्यासात चार-पाच जणींचा फरक पडला तरी टक्के कुठल्या कुठे जातात, म्हणून पन्नास-शंभर बायकांच्या एका पेपरवर जीव टाकायचा नाही.

ईआरए टेस्टचंही साधारण तसंच. अस्तराचा तुकडा घेऊन ट्रान्सफरची वेळ ठरवायची ही कल्पना ऐकायला एकदम पटते, पण २०२२ मध्ये जामा या जर्नलमध्ये ७६७ जणींची ट्रायल आली त्यात टेस्टप्रमाणे वेळ ठरवलेल्या गटात ५८.५ टक्के आणि नेहमीच्या वेळी ट्रान्सफर केलेल्या गटात ६१.९ टक्के लाइव्ह बर्थ. टाइम लॅप्सवर २०२४ मध्ये लॅन्सेटला दीड हजारांवर लोकांची ट्रायल आली, तिथेही बाळांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक नाही.

तिसरी गोष्ट, त्या अभ्यासातल्या बायका तुमच्यासारख्या होत्या का. पीजीटी-ए मध्ये हे फार महत्त्वाचं आहे. चीनमध्ये १,२१२ जणींची ट्रायल झाली, २०२१ मध्ये छापली, सगळ्या २० ते ३७ वयाच्या आणि प्रत्येकीकडे किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवस वाढवलेले एम्ब्रियो). त्यात एकूण लाइव्ह बर्थ टेस्ट केलेल्यांत ७७.२ टक्के, न केलेल्यांत ८१.८ टक्के. पण गर्भपात टेस्टवाल्या गटात कमी झाले, ८.७ विरुद्ध १२.६ टक्के. म्हणजे वय ३० आणि हातात चार-पाच चांगले एम्ब्रियो असतील तर बाळ होण्याची एकूण शक्यता यामुळे वाढत नाही असं हा पेपर सांगतो. पण वय ४१ असेल आणि आधी दोन-तीन गर्भपात होऊन गेले असतील तर हा पेपर तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही, तिथे गणित वेगळं असू शकतं आणि डॉक्टरांना नेमकं तेच विचारायचं. इक्सीचंही (एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचणं) असंच, पुरुषाच्या वीर्यात प्रॉब्लेम असेल तर ती वरदान आहे, पण रिपोर्ट नॉर्मल असलेल्या १,०६४ जोडप्यांवर व्हिएतनाममध्ये ट्रायल झाली (लॅन्सेट, २०२१) तिथे साध्या आयव्हीएफपेक्षा ठळक फायदा दिसला नाही.

हे वाचून सगळंच थोतांड असं कृपा करून समजू नका. रिसर्च उलट्या बाजूनेही बोलतो. पीसीओएसमध्ये (हार्मोन्स बिघडून स्त्रीबीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) स्त्रीबीज तयार होण्यासाठी देतात त्या लेट्रोझोल या गोळीचं उदाहरण घ्या, २०११ मध्ये भारतात वंध्यत्वासाठी ते वापरायला बंदी घातली होती. २०१४ मध्ये अमेरिकेत ७५० जणींची ट्रायल आली, लेट्रोझोलवाल्यांत २७.५ टक्के लाइव्ह बर्थ, क्लोमिफेन या त्याच कामाच्या जुन्या गोळीवाल्यांत १९.१. पुढे आपल्याकडची बंदी उठली आणि आज पीसीओएसवाल्या कितीतरी जणींना आधी हीच स्वस्तातली गोळी दिली जाते. चांगला पुरावा असा दिसतो.

आणि शक्यतो मूळ पेपरच बघा, त्याची बातमी किंवा रील नको. मुंबईचंच उदाहरण आहे. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या परळच्या संस्थेच्या टीमकडून भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी झाली असं आपण सगळे शिकलो. त्याच टीमचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची मूळ टिपणं स्वतः वाचली आणि जाहीर लिहिलं की १९७८ मध्येच त्यांनी हे केलं होतं, मान त्यांचा आहे. स्वतःच्या नावावरचा मान त्यांनी कागद वाचून सोडला. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

शेवटचा मुद्दा, क्लिनिक म्हणालं की ‘हे नवीन आहे, आम्ही यावर स्टडी करतोय’. ओव्हरीत पीआरपी किंवा स्टेम सेलच्या बाबतीत हे वाक्य बरेचदा ऐकू येतं. तेव्हा ट्रायलचा सीटीआरआय नंबर मागा. भारतातल्या ट्रायल्स या सरकारी रजिस्ट्रीत नोंदवायच्या असतात, साइट सगळ्यांना खुली आहे, नंबर टाकला की कोण करतंय, किती बायका घेणार, काय मोजणार, एथिक्स कमिटीची परवानगी आहे का हे सगळं दिसतं. संमतीपत्र घरी नेऊन वाचायला मागा, मराठीत मागा. आणि आयसीएमआरच्या नियमांप्रमाणे रिसर्चसाठी म्हणून जे जास्तीचं केलं जातं त्याचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. नंबर नाही, कागद नाही आणि वर पॅकेजमध्ये त्याचे वेगळे पैसे लावलेत, असं असेल तर त्या दिवशी सही करू नका, फाइल घेऊन घरी या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.