वस्तीचं दप्तर जपताना: जुने नकाशे, फोटो आणि कागद यांचं नेमकं काय करायचं

दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा शहराचा जुना भाग जवळपास जमीनदोस्त झाला. आज तिथे जी घरं दिसतात ती नंतर बांधलेली आहेत, आणि ती बांधताना दोन गोष्टी फार उपयोगी पडल्या. एक म्हणजे बर्नार्डो बेलोट्टो या चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेली तिथल्या रस्त्यांची चित्रं. दुसरी म्हणजे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी इमारतींची मापं घेऊन काढलेले नकाशे. हे नकाशे लपवून ठेवले गेले म्हणून वाचले. जुना भाग १९८० साली जागतिक वारसा यादीत गेला आणि पुनर्बांधणी कार्यालयाचं दप्तर २०११ साली युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' नोंदवहीत.

मला यातली विद्यार्थ्यांची गोष्ट जास्त आवडते. तो त्यांचा अभ्यास होता. त्या वहीवरून कधी शहर उभं राहील, असं मापं घेताना कुणाच्या मनातही आलं नसणार. आपल्यापुढे जुन्या कागदांचा ढीग येतो तेव्हा हेच लक्षात ठेवायचं. उद्या कुठला कागद कामाला येईल हे आज कळत नाही, म्हणून 'महत्त्वाचं' आणि 'रद्दी' अशी वाटणी पहिल्याच दिवशी करायची नाही.

आधी हात मागे घ्या

नगर समितीची कपाटं, बंद पडलेलं वास्तुविशारदाचं कार्यालय, एखाद्या जुन्या सचिवाच्या घरातल्या पेट्या. साहित्य कुठूनही येवो, उत्साही मंडळी पहिल्या दिवशी स्कॅनर घेऊन येतात. स्कॅनर ही सहा महिन्यांनंतरची गोष्ट आहे.

पहिल्या दिवशी फक्त फोटो काढायचे: कपाट जसं आहे तसं, प्रत्येक खण, प्रत्येक पेटी, झाकण उघडल्यावर वरून दिसणारा थर. मग कच्ची यादी. 'पेटी ३, इमारत परवान्यांच्या फायली, अंदाजे ४० जाड गठ्ठे, तळाला ओल' एवढी नोंद पुरते. एकेक कागद वाचत बसलात तर पहिली पेटी संपायच्या आत लोक कंटाळून निघून जातील.

फोटो काढायचे कारण असं, की कागदांचा क्रम हीसुद्धा माहिती असते. मी सुरुवातीला एका गठ्ठ्यातले नकाशे एकीकडे आणि पत्रं दुसरीकडे अशी 'नीट' लावणी केली होती. नंतर कळलं, की प्रत्येक पत्राखाली त्याच पत्रात चर्चिलेला नकाशा होता. बऱ्याच पत्रांत इमारतीचं नावच नव्हतं, 'सोबतचा नकाशा पाहावा' एवढंच लिहिलेलं. ती जोडी मी मोडली, आणि काही नकाशे कशाचे हे आजही सांगता येत नाही.

अभिलेखागारांत, म्हणजे जुने कागद सांभाळणाऱ्या संस्थांत, यासाठी दोन नियम आहेत. एकाकडून आलेलं साहित्य दुसऱ्याच्या साहित्यात मिसळायचं नाही, आणि मूळ क्रम मोडायचा नाही. म्युलर, फाइथ आणि फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांनी १८९८ साली ते पद्धतशीर मांडले, आणि आजही काम त्यावरच चालतं. विषयवार शोधायची सोय यादीत करता येते, त्यासाठी कागद हलवावे लागत नाहीत.

मालकीचा एक कागद करून घ्या

हे काम कंटाळवाणं असतं आणि नेमकं तेच राहून जातं. साहित्य देणाऱ्याकडून लेखी घ्या: काय दिलं, कायमचं दिलं की सांभाळायला, परत मागता येईल का, प्रती काढून लोकांना दाखवता येतील का. कागद तुमच्या ताब्यात आला म्हणजे त्याचा कॉपीराइट तुमच्याकडे आला असं होत नाही. नकाशाचा हक्क वास्तुविशारदाकडे, फोटोचा छायाचित्रकाराकडे किंवा त्यांच्या वारसांकडे असू शकतो. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, तो एकदा विचारून घ्या.

आजारी कागद वेगळे काढा

क्रमाची नोंद झाली की तब्येत पाहायची. बुरशी धरलेलं, किड्यांनी खाल्लेलं आणि ओलं साहित्य लगेच बाजूला काढा, आणि त्याच्या जागी कशासाठी काढलं याची चिठ्ठी ठेवा. बुरशी बंद खोलीत झटकू नका. मास्क लावा आणि आधी कागद कोरडा होऊ द्या. ओली बुरशी पुसली तर ती पसरते.

बाकीच्या कागदांची साफसफाई साधी असते. मऊ ब्रशने मधून कडेकडे धूळ काढायची. गंजलेल्या टाचण्या, स्टेपल आणि क्लिपा काढायच्या, पण ओढायच्या नाहीत. स्टेपलचे पाय मागून उघडून मग ते सोडवायचं. रबरबँड वितळून चिकटला असेल तर तो भाग तसाच राहू द्या. लिहायला फक्त मऊ पेन्सिल, पेन त्या टेबलावर नकोच. हात धुऊन कोरडे केले की कागदांना हातमोजे लागत नाहीत. कापडी मोज्यांनी बोटांचा अंदाज जातो आणि कागद फाटतो. फोटो आणि निगेटिव्ह हाताळताना मात्र नायट्राइलचे (पातळ, रबरासारखे) मोजे घाला.

आणि कृपा करून सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत कागदात उतरतो, पिवळा डाग पडतो आणि वरची पट्टी सुटून येते. लॅमिनेशन उलटवणं जवळपास अशक्य असतं. फाटलेला कागद स्वच्छ फोल्डरमध्ये सपाट ठेवला तर दुरुस्तीची वाट पाहू शकतो.

नकाशांना जास्त वेळ द्या

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण सगळे नकाशे सारखेच दिसतात आणि एकत्र गुंडाळले जातात. खरं तर कागद आणि छपाईची पद्धत दर वेळी वेगळी असते.

निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा असतील तर तो बहुधा ब्ल्यूप्रिंट. ही प्रक्रिया जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधली. त्यातला निळा रंग उजेडाने फिकटतो आणि अल्कलीने (आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाने) उडतो. 'आम्लविरहित' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ फोल्डरांत मुद्दाम अल्कलीचा साठा घातलेला असतो. साध्या कागदांना तो चांगला, ब्ल्यूप्रिंटला घातक. तिच्यासाठी असा साठा नसलेला, तटस्थ कागद मागून घ्या.

फिकट पार्श्वभूमीवर निळसर, जांभळट किंवा तपकिरी रेषा असतील तर डायझो (ब्ल्यूप्रिंटसारखीच नकाशाची प्रत काढायची एक पद्धत) प्रत असण्याची शक्यता मोठी. जुन्या गठ्ठ्याला कधी अमोनियाचा उग्र वासही येतो. डायझोतून निघणाऱ्या रसायनांनी शेजारच्या कागदावर डाग पडतात, म्हणून ती इतरांपासून वेगळी. ट्रेसिंग पेपर जुना झाला की पापडासारखा मोडतो. ट्रेसिंग कापडाला पाणी लागता कामा नये, त्यावरची खळ विरघळते आणि रेषा जातात.

गुंडाळलेला नकाशा जोर लावून उघडू नका. जेवढा सहज उलगडतो तेवढाच उलगडा, कडांवर स्वच्छ कापडात बांधलेली हलकी वजनं ठेवा आणि काही दिवस तसाच राहू द्या. उलगडत नसेल तर ओलावा देऊन सपाट करणं हे प्रशिक्षित संवर्धकाचं काम आहे. सपाट खणांची जागा नसेल तर जाड नळीच्या बाहेरून गुंडाळा आणि वर स्वच्छ कागद घाला. नळीच्या आत कोंबला की बाहेर काढताना कडा जातात.

वाचताना आधी उजवा खालचा कोपरा पाहा. इमारतीचं नाव, प्रमाण, तारीख, नकाशा क्रमांक आणि दुरुस्तीचं अक्षर (नकाशाची कितवी सुधारित आवृत्ती ते दाखवणारं) बहुधा तिथेच असतं. एकाच मजल्याचे सहा नकाशे सापडले तर पाच 'जास्तीचे' म्हणून काढू नका. जिना पूर्वेकडून उत्तरेला कधी आणि का सरकला हे त्या सहांमधूनच कळतं. शिवाय नकाशा म्हणजे इमारत नव्हे. त्यात काय बांधायचं ठरलं होतं ते असतं. प्रत्यक्षात काय बांधलं हे फोटो, पूर्णत्वाचे दाखले, ठेकेदाराची बिलं आणि सभेची इतिवृत्तं सांगतात. म्हणून वरवर रटाळ दिसणारी बिलं टाकू नयेत.

फोटो आणि फिल्म

नावं फोटोच्या मागे पेनने लिहू नका, पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओरबाडू नका, पान तसंच स्कॅन करता येतं.

फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेट फिल्म कुजते आहे. हा वायू शेजारच्या फिल्मचाही नाश घडवतो, तेव्हा ती वेगळी करून थंड जागी हलवा आणि प्रत काढण्यात तिला पहिला नंबर द्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली फिल्म नायट्रेटची असू शकते. ती भयानक ज्वालाग्राही असते आणि पाण्याखालीही जळते. शंका आली तरी घरगुती प्रयोग न करता अग्निशमन दलाला किंवा मोठ्या फिल्म संग्रहालयाला विचारा.

जागा

माळा नको, तळघर नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको, पाण्याच्या नळाखाली तर नकोच. सगळ्यात खालचा फळा जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर. आर्द्रता साधारण ३५ ते ५० टक्के आदर्श. ते जमत नसेल तर ६५ च्या वर जाऊ देऊ नका, तिथून बुरशीचं राज्य सुरू होतं. दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद असा हेलकावा हा थोड्याशा उष्णतेपेक्षा वाईट. एक साधं आर्द्रतामापक लावा आणि आठवड्यातून एकदा आकडा वहीत लिहा.

यादी, आणि ती सांगणारी माणसं

प्रत्येक गठ्ठ्यासाठी एवढं लिहिलं की पुरे: क्रमांक, कोणी तयार केलं, कोणाकडून आलं, काळ, काय आहे, किती आहे, कुठे ठेवलंय, पाहण्यावर बंधन आहे का. तारीख अंदाजे असेल तर 'सुमारे १९३०' लिहा आणि अंदाज कशावरून बांधला तेही लिहा, नाहीतर पुढच्या पिढीत तो अंदाज पुरावा होऊन बसतो. रस्त्यांची नावं आणि घरांचे क्रमांक बदलतात, म्हणून जुनं नाव आणि आजचं नाव अशी जोडयादी वेगळी ठेवा. लोक सगळ्यात जास्त तीच मागतात.

यादी करताना अडलेल्या गोष्टी विचारायला माणसं असतात तोवर विचारा. म्हाताऱ्या गवंड्यासमोर, शिक्षिकेसमोर, निवृत्त लिपिकासमोर फोटो ठेवा आणि बोलणं ध्वनिमुद्रित करा. 'तुमच्या आठवणी सांगा' म्हटलं तर कोणी बोलत नाही. 'हे दार कुठे उघडायचं?' असं विचारलं की दोन तास जातात. ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही या फाइल-स्वरूपात (WAV) ठेवा, आणि वापरायची परवानगी त्याच बैठकीत घ्या.

आता स्कॅनर

कागदपत्रं आणि मोठे नकाशे ३०० ते ४०० डीपीआय (दर इंचाला किती ठिपके, म्हणजे स्कॅनची बारकाई), फोटो ६००, छोट्या निगेटिव्ह त्याहून बऱ्याच जास्त. मूळ प्रत टिफ (TIFF) या फाइल-स्वरूपात, लोकांना दाखवायची जेपेग किंवा पीडीएफमध्ये. डिस्क घेण्याआधी गणित करा: ए-शून्य आकाराचा एक रंगीत नकाशा ३०० डीपीआयला सुमारे ४०० एमबी जागा घेतो. असे हजार नकाशे म्हणजे ४०० जीबी, आणि ही फक्त एक प्रत झाली. कोरी वाटणारी मागची बाजूही तपासा, तिथे बऱ्याचदा पेन्सिलीचे हिशेब सापडतात. फाइलच्या नावात यादीतला क्रमांक घाला. तारीख घालायची तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे फाइली आपोआप ओळीत बसतात.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. ३ मार्च २००९ रोजी कोलोन शहराच्या अभिलेखागाराची इमारत शेजारच्या भुयारी रेल्वेच्या कामामुळे कोसळली. त्यामागे भूकंप नव्हता आणि पूरही नव्हता. 'आमच्याकडे काय होणार' या वाक्याला हे उत्तर पुरेसं आहे. डिस्कवरच्या फाइलीही गुपचूप बिघडतात. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला, ठशासारखा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा पडताळा. पासवर्ड निदान दोघांना माहीत असू द्या.

स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकायचा नाही, हे समितीच्या ठरावातच लिहून घ्या. आणि सगळं सगळ्यांना खुलं करू नका. पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेचे किंवा तिजोरीच्या खोलीचे नकाशे, तसंच हयात माणसांची खाजगी माहिती असलेल्या फायली यांच्यावर कधीपर्यंत बंधन आहे ते तारखेसह लिहा.

पाणी शिरलंच तर

नोव्हेंबर १९६६ मध्ये आर्नो नदीच्या पुराने फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. कागदांच्या आपत्ती-व्यवस्थापनाचं आजचं शास्त्र बऱ्याच अंशी तिथून घडलं. त्यातला कामाचा भाग थोडक्यात असा: ओल्या कागदावर ४८ तासांत बुरशी येऊ लागते. तेवढ्या वेळात सगळं वाळवणं जमत नसेल तर छोटे गठ्ठे मेणकागदात गुंडाळून गोठवा. गोठवलेला कागद महिनोन्‌महिने थांबतो आणि पुढे सावकाश वाळवता येतो. काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवायच्या नाहीत, त्या हवेतच वाळवायच्या. चिकटलेली पानं सोडवू नका, उन्हात घालू नका, हेअर ड्रायर तर आणूच नका.

मोठा शीतकक्ष कुणाकडे आहे, रात्री फोन कोण उचलतं, किल्ली कुठे असते आणि सगळ्यात आधी बाहेर काढायच्या दहा पेट्या कोणत्या, हे एका पानावर लिहा. ते पान दाराच्या आत लावा, आणि एक प्रत खोलीबाहेरच्या कुणाच्या तरी घरी ठेवा.