ग्रुपवर गप्प, वावरात हुशार

अमरावती विद्यापीठात एम.ए. करताना लघुप्रबंधासाठी विषय घेतला, शाळेबाहेरचं शिकणं. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या कापूसवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होताच. घरबसल्या काम होईल, असं वाटलं. तीन आठवडे मी मेसेज मोजले. कोणी काय विचारलं, कोणी उत्तर दिलं, सगळं एक्सेलमध्ये. दीड-दोनशे लोकांत बोलणारे जेमतेम पंधरा. बाकीच्यांना मी 'निष्क्रिय' असा रकाना दिला.

मग शेजारच्या वावरात गेलो. तिथले काका त्याच रकान्यातले. पऱ्हाटीच्या तासात वाकून त्यांनी एक मिटलेलं फूल तोडलं, पाकळ्या सोडवल्या. आत गुलाबी बोंडअळी. "हे डोमकळी. मोबाईलात फोटो आल्ता ना." कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग 3 रात्री 8-8 पतंग सापडले की मग फवारणीचं पाहायचं, हेही त्यांना पाठ.

"मंग ग्रुपवर काहून बोलत नाही काका?"

"मले लिवता कुठं येते बाप्पा? आयकतो ना सगळं."

नातू वाचून दाखवायचा, व्हॉइस मेसेज ते स्वतः लावायचे. माझा रकाना तिथंच खोडला.

या विषयात जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांची 1991 सालची मांडणी वाचावीच लागते. नवखा आधी कामाच्या कडेला असतो, मग आत सरकतो. लेव्ह यांनी लायबेरियातले शिंपी पाहिले होते: पोरं आधी बटणं लावतात, कापड कापायला शेवटी मिळतं. पण काकांना ही मांडणी जशीच्या तशी लावू नका. ते कपाशीत माझ्या चाळीस वर्षं पुढे. कडेला होते ते फक्त टायपिंगच्या.

परवानगीत मी चुकलो. अ‍ॅडमिन हो म्हणाला म्हणून कामाला लागलो. ज्याचा मेसेज वापरायचा त्या प्रत्येकाला विचारावं लागतं, नाव-नंबर काढून टाकावे लागतात. तेवढी पानं पुन्हा लिहिली. व्हॉइस मेसेज उतरवताना वऱ्हाडी तशीच ठेवा. 'काहून'चं 'का' केलं की बोलणाऱ्याचा सूर जातो. आणि औषधं एकत्र करून फवारायचा फॉरवर्ड आला, तर 'मी फक्त संशोधक' म्हणून गप्प बसू नका. 2017 ची फवारणीची विषबाधा आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली. असा फॉरवर्ड आला तेव्हा मी कृषी सहायकांना विचारून ग्रुपवरच लिहिलं. निरीक्षण बिघडलं असेल, बिघडू द्या.

ग्रुपमध्ये बायका जवळपास नव्हत्याच, फोन नवऱ्याच्या खिशात. म्हणून वेचणीला गेलो, कमरेला ओटी बांधून. पहिल्याच दिवशी एका काकूंनी ती उलटी करून पाहिली. "कवडी काहून मिसळली रे? ते येगळी ठेवा लागते." कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. तीन आठवड्यांच्या मेसेजांत तिचा उल्लेख एकदाही नव्हता.