रोज ऐकून पण विटणार नाही असा राग कसा शोधायचा

कुणी नुसतं म्हणायचा अवकाश की "क्लासिकल ऐकायला सुरुवात करायचीय, काय ऐकू?", लोक धडाधड पन्नास नावं पाठवतात. तो बिचारा दोन दिवस उत्साहानं ऐकतो, तिसऱ्या दिवशी सगळं सारखंच वाटायला लागतं आणि परत जुनी हिंदी गाणी सुरू. माझं पण हेच झालेलं. एका मित्राकडनं ३२ जीबीचा पेनड्राइव्ह भरून आणला होता, राग अ पासून ज्ञ पर्यंत, आणि आज इतक्या वर्षांनी त्यातलं मी परत परत लावतो ते मोजून सात-आठ रेकॉर्डिंग. हे सात-आठ कसे उरले तेच सांगतो, म्हणजे तुम्हाला पेनड्राइव्ह भरायला नको.

सगळ्यात आधी राग बघू नका, गायक तर अजिबात नको, आधी स्वतःचा दिवस बघा. दिवसातली नक्की कुठली वीस-पंचवीस मिनिटं तुमची आहेत? माझी आधी डोंबिवली लोकलमधली होती, आणि तिथं मी मूर्खासारखा विलंबित ख्याल, म्हणजे एकदम संथ लयीतलं लांबलचक गाणं, ऐकायचो. गर्दी, अनाऊन्समेंट, बाजूला भजनी मंडळ, त्यात मंद्रातला (खालच्या सुरांतला) आलाप, म्हणजे रागाची सावकाश उलगड, कानाला काहीच लागत नाही, आवाज वाढवा तर तबला टोचतो. दोन महिने मला वाटायचं की आपल्याला यातलं काही कळतच नाही. कळत होतं हो, ऐकूच येत नव्हतं! साधी परीक्षा सांगतो, मागचा तंबोरा ऐकू येत असेल तरच ती जागा ख्याल ऐकायला बरी. ट्रेनमध्ये तीन मिनिटाच्या जुन्या तबकड्या ऐका, द्रुत बंदिशी, म्हणजे जलद लयीतल्या रचना, ऐका, ठुमरी ऐका. ख्याल घरी.

वेळ ठरली की राग आपोआप निम्मे गाळले जातात, कारण आपल्याकडे रागांना वेळ आहे. सकाळी तोडी, भैरव, दुपारी सारंग, मग भीमपलास, मुलतानी, दिवेलागणीला मारवा, पूरियाधनाश्री, मग यमन, भूप, रात्री बागेश्री, मालकंस, दरबारी. आता हे पाळलंच पाहिजे का, तर नाही, भर दुपारी मालकंस लावला म्हणून कुणी पोलीस येत नाही. पण मुरवायचा असेल तर पाळा असं माझं मत आहे, कारण रोज त्याच वेळी तेच सूर कानावर पडले की ते त्या वेळेला चिकटतात. आमच्याकडे सकाळी कुकर लागताना तोडी असते, आता कुकरची शिट्टी झाली की माझ्या डोक्यात तोडीतला कोमल गंधार (उतरलेला ग) सुरू होतो, काय करणार. शिवाय मैफली बहुतेक संध्याकाळच्या आणि लाऊडस्पीकर दहाला बंद, त्यामुळे पहाटेचे आणि उत्तररात्रीचे राग समोर बसून ऐकायला मिळणं मुश्कीलच झालंय, ते रेकॉर्डिंगवरच भेटतात. तुम्ही पहाटे उठणारे असाल तर मजा आहे तुमची.

मग एक राग घ्या. एकच. महिनाभर. आणि तो चार-पाच वेगवेगळ्या लोकांचा ऐका. लोक उलटं करतात, एक गायक धरतात आणि त्याचे तीस राग ऐकतात, त्यानं गायक आवडतो पण राग डोक्यात राहत नाही. पहिला राग कुठला, तर जो नकळत आधीच ऐकलाय तो. मराठी माणसाला हे फार सोपं आहे, नाट्यसंगीत आणि अभंग यांनी आपले कान आधीच तयार करून ठेवलेत, नावं फक्त माहीत नसतात. भीमसेन जोशींचं 'इंद्रायणी काठी' कुणी ऐकलं नाही असं घर नसेल, तो भीमपलास. आता त्याच गळ्यातून भीमपलासचा ख्याल ऐका, मग दुसऱ्या कुणाचा, मग सतारीवर. तिसऱ्या-चौथ्या वेळेला एक जागा येते जिथं तुम्ही म्हणता "अरे हे तेच!" आणि तिथून पुढं सगळं वेगळंच होतं.

नाहीतर पाच सुरांचे राग घ्या, भूप, दुर्गा, मालकंस. ओळखायला सोपे. पण सोपे म्हणजे लवकर विटणारे असं नाही बरं का. भूप आणि देशकार, दोघांचे सूर तेच, सा रे ग प ध, तरी भूप संध्याकाळचा, खाली गंधाराभोवती रमणारा, आणि देशकार सकाळचा, वर धैवतावर (ध) जाऊन बसणारा. आठवडाभर संध्याकाळी भूप, पुढचा आठवडा सकाळी देशकार असं करून बघा. कानाला पहिल्यांदा कळतं की राग म्हणजे सुरांची यादी नाही, त्यांची वागणूक आहे.

आता मारव्याबद्दल जरा जास्त बोलतो कारण माझा सगळा मुद्दाच तिथं आहे. मारव्यात पंचम (प) नाही, रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, आणि वर गंमत म्हणजे षड्जावर (सा) फार टेकायचंच नाही, म्हणजे जे घर आहे तिथंच जायचं टाळायचं. त्यामुळे ऐकताना सारखं वाटतं की आता संपेल, आता टेकेल, आणि तो टेकत नाही. गायक अमीर खाँसाहेबांचा मारवा मी पहिल्यांदा लावला तेव्हा सात मिनिटात बंद केला. दुसऱ्यांदा दहा मिनिटं. इतकं संथ, झुमरा तालाचे चौदा मात्रेचे ठेके आणि बाबा एकेका सुरावर थांबून बसलेत, मला वाटलं हे रिटायर झाल्यावर बघू. आणि आज तो माझ्या सात-आठात पहिला आहे, आणि त्या काळात ज्या झगझगीत तानांवर (झपाट्यानं घेतलेल्या सुरांच्या लडींवर) मी वेडा झालेलो त्यातली एक पण उरली नाही. पूरिया आणि सोहनी यांचे पण सूर मारव्याचेच, पूरिया खाली मंद्रात रेंगाळतो, सोहनी वर तारसप्तकात रात्री उशिरा. तिघं एकामागोमाग ऐका, एकाच घरातली तीन भावंडं आणि एकाचा स्वभाव दुसऱ्याला नाही.

तर नियम असा की पहिल्या फटक्यात जे डोक्यात जातं ते घेऊ नका असं नाही, घ्या की, पण त्याला लगेच फेव्हरिट करू नका. आणि जे ऐकून अस्वस्थ वाटलं, बोअर नाही हं, अस्वस्थ, ते टाकून देऊ नका, महिन्यानं परत लावा. बोअर झालं की लक्ष उडून मोबाईलकडे हात जातो, अस्वस्थ झालं की लक्ष तिथंच असतं पण बसवत नाही. दोन्हीतला फरक स्वतःला कळतो.

गायक निवडायचा तर कोण मोठा हे बघू नका, सगळे मोठेच आहेत. ज्याच्या आवाजाबरोबर राहता येईल तो. भीमसेनजींचा आवाज खोलीत दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही, तो रोज लागतो की रविवारी लागतो हे तुमचं तुम्ही ठरवा, माझ्यासाठी रविवारचा. किशोरीताई आमोणकर एकेका सुराच्या इतक्या आत शिरतात की भांडी घासत ऐकणं म्हणजे अपमान वाटतो. कुमार गंधर्वांचं क्षयानं एक फुफ्फुस जवळपास कामातून गेलेलं, त्यातून ती छोट्या छोट्या तुकड्यांची, मध्येच शांतता सोडणारी गायकी आली असं सांगतात, आणि काहींना ते तुटक वाटतं, मला तर त्या शांततेचंच व्यसन लागलंय. मल्लिकार्जुन मन्सूर नवख्या माणसाला फार बरे असं माझं ठाम मत आहे, कारण ते जयपूर-अत्रौली घराण्याचे, आणि तिथले गायक अति संथ जात नाहीत, सम (तालाची पहिली मात्रा) लवकर लवकर येते, कंटाळायला वेळच मिळत नाही. फक्त ते अनवट, म्हणजे क्वचितच गायल्या जाणाऱ्या रागांचा बाजारच मांडतात, त्यामुळे एक राग एक महिना हा आपला नियम तिथं मोडतो.

विलंबित ऐकवत नाही अशी तक्रार सगळ्यांची असते. त्यावर माझा एक चोरटा उपाय आहे. रेकॉर्डिंग उलटं ऐका. म्हणजे आधी थेट पुढं जाऊन छोटा ख्याल, द्रुत बंदीश ऐका, चार दिवस तेवढीच, गुणगुणता येईपर्यंत. मग पहिल्यापासून लावा. आता राग ओळखीचा आहे, त्यामुळे सुरुवातीचा आलाप म्हणजे ओळखीचा माणूस लांबून चालत येताना दिसावा तसं होतं. मात्रा मोजत बसू नका, संथ एकतालाचं (बारा मात्रांचा ताल) एक आवर्तन, म्हणजे एक फेरी, मिनिटभर पण चालतं, बारा मोजता मोजता गाणं निघून जाईल. मुखडा लक्षात ठेवा, बंदिशीचे पहिले तीन-चार शब्द. ते परत आले की सम आली. एवढं पुरे, बाकीचं वर्षभरात आपोआप येतं, नाही आलं तरी काही बिघडत नाही.

लांबीचं पण बघा. जुन्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकडीत साधारण तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेब किंवा केसरबाई अख्खा राग उभा करायच्या. केसरबाई केरकरांची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अवकाशात गेली, ती साडेतीन मिनिटांचीच आहे. आवाज घासलेला, मागं खरखर, तरी चार-पाच वेळा ऐका, कान खरखर गाळायला शिकतात. मग एलपीच्या (लाँग प्ले तबकडीच्या) काळातली रेकॉर्डिंग, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. नोकरी करणाऱ्या माणसाला देवानं दिलेलं माप आहे हे! मैफलीची रेकॉर्डिंग पाऊण तास, तास, ती सुट्टीच्या दिवशी. त्यात खोकला असतो, दाद असते, मध्येच तंबोरा परत लावतात, पण एकदा त्याची चव लागली की स्टुडिओतलं जरा इस्त्री केल्यासारखं वाटायला लागतं.

वाद्यांचं थोडक्यात. 'झाला' (शेवटचं झपाट्याचं वादन) आणि जुगलबंदी पहिल्या दिवशी अंगावर काटा आणतात आणि पंधरवड्यात उतरतात, निदान माझं तरी असंच झालंय. टिकतो तो आलाप. निखिल बॅनर्जींची सतार लावा आणि नुसता आलाप ऐकून थांबा, तबला सुरू व्हायच्या आत. किंवा विलायत खाँसाहेब, त्यांची सतार गातेच.

आता खरी परीक्षा. जे आवडलं असं वाटतंय ते महिन्यात दहा वेळा ऐका, मग पंधरा दिवस पूर्ण बंद. या पंधरा दिवसात ते आपणहून आठवलं, म्हणजे जिना चढताना किंवा एटीएमच्या रांगेत एखादी जागा ओठावर आली, तर ते तुमचं. नाही आठवलं तर सोडा, वाईट वाटून घेऊ नका, मोठ्या माणसाचं असलं तरी सोडा, दोन वर्षांनी परत भेटेल. मी फोनमध्ये साधी नोंद ठेवतो, राग, कोण, किती मिनिटांचं, आणि "बाराव्या मिनिटाला काहीतरी होतं" असलं काहीबाही. नंतर शोधायला हीच नोंद कामी येते, कारण ऑनलाइन टाकलेल्या रेकॉर्डिंगवर रागाचं नाव चुकीचं असणं नेहमीचंच आहे. मी एक वर्ष एका रागाला दुसरंच नाव घेऊन मिरवत होतो, एका तबला वाजवणाऱ्या ओळखीच्या काकांनी चहा पिता पिता माझं विमान खाली उतरवलं. तर एकच नाव दोन-तीन ठिकाणी ताडून बघा.

आणि दोन गोष्टी चुकून पण करू नका. एक, "झोपेसाठी शांत राग" वगैरे याद्या लावून झोपू नका, सवय अशी लागते की पुढं मैफलीत दरबारी सुरू झाला की जांभई. दोन, आवडता आलाप अलार्मला लावू नका. मी लावला होता, एक फार सुंदर ललत, सकाळी पावणेसहाला. आज तो कुणी कुठंही सुरू केला की मला आधी ऑफिसची मीटिंग आठवते आणि पोटात गोळा येतो. एक चांगला राग घालवला मी असा.

जमलं तर वर्षातून एकदा तरी समोर बसून ऐका. पुण्यात डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व महोत्सव असतो, १९५३ पासूनचा, पण सवाईच कशाला, गावागावात देवळात, शाळेच्या हॉलमध्ये छोट्या बैठका होतात, गोव्यात तर विचारायलाच नको. छोट्या बैठकीत पाच फुटांवरून तंबोरे ऐकलेत की घरी आल्यावर रेकॉर्डिंगमध्ये पण तंबोरा जास्त ऐकू येतो, का ते मला सांगता येणार नाही पण येतो.

माझं सध्या काय चाललंय तर परत मारवाच, पावणेसातला बाल्कनीत, शेजारच्यांचा मिक्सर थांबला की. बायको आतून विचारते, "आज पण तोच रडका?" आणि काल मी लावायचा विसरलो तर तिनंच येऊन विचारलं, आज नाही का लावला.